कॉफीची चव ओळखायला शिका: आधी ताजेपणा, मग भाजणी, शेवटी मूळ

कॉफीच्या चांगल्या पिशवीवर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: दाणे कुठले (म्हणजे त्यांचं मूळ), भाजणी कशी आणि भाजले कधी. नव्याने कॉफीत रस घेणारे बहुतेक जण पहिल्या गोष्टीपासून सुरुवात करतात. इथिओपिया, केनिया, पनामा अशी नावं वाचून पिशवी आणतात आणि घरी कप केल्यावर त्यात ना फुलांचा वास सापडतो, ना फळांचा. मग आपल्या जिभेलाच हे कळत नाही, अशी समजूत होऊन बसते. जिभेचा दोष फार क्वचित असतो. दाणे शिळे झालेले असतात, किंवा इतके काळे भाजलेले असतात की ते कुठून आले याला अर्थच उरलेला नसतो.

दाण्यात जास्तीत जास्त किती चव असू शकते, हे मूळ ठरवतं. त्यातलं काय पुढे आणायचं आणि काय झाकायचं, हे भाजणारा ठरवतो. ताजेपणा गेला की दोघांचीही मेहनत वाया जाते. म्हणूनच शिकताना क्रम उलटा धरावा, असं माझं ठाम मत आहे. ताजेपणा पूर्णपणे आपल्या हातात असतो आणि त्याचा फरक पहिल्याच दिवशी कळतो. भाजणीचा फरक त्यानंतर स्पष्ट होतो. मुळाचा फरक सर्वांत नाजूक, आणि पहिल्या दोन गोष्टी जागेवर असल्याशिवाय तो दिसतच नाही.

आधी: तुलना कशी करायची

एकच कॉफी पिऊन चव समजत नाही. दोन कप शेजारी ठेवले की फरक आपोआप बोलू लागतो. त्यासाठी व्यावसायिक चाखणारे 'कपिंग' करतात आणि ते घरी करायला अगदी सोपं आहे. यात फिल्टर नाही, पाणी ओतण्याचं कसब नाही. त्यामुळे हाताच्या चुकीने चव बदलण्याची भीती जवळपास नसते.

०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, दाणे दळायला हाताचा बर ग्राइंडर (दोन दातेरी भागांमध्ये दाणे भरडणारा), एकसारखे दोन कप आणि एक खोलगट चमचा एवढं सामान पुरतं. पात्यांचा मिक्सरसारखा ग्राइंडर शक्यतो टाळा. त्यात काही कण भुगा होतात आणि काही जाड राहतात. भुग्यातून कडवटपणा उतरतो आणि जाड कणांतून नुसता आंबटपणा.

१५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम कॉफी हे कपिंगचं रूढ प्रमाण. कप २०० मिलिलिटरचा असेल तर ११ ग्रॅम. प्रत्येक कपाचे दाणे वेगळे मोजा, मध्यम भरड दळा आणि पाणी ओतण्याआधी कोरड्या पुडीचा वास घ्या. मग उकळी येऊन किंचित निवलेलं, साधारण ९३ अंश सेल्सिअसचं पाणी ओता आणि चार मिनिटं कपाला हात लावू नका. पुडीचा जाड थर वर तरंगू लागतो. चार मिनिटांनी नाक कपाजवळ नेऊन चमच्याच्या पाठीने तो थर तीन वेळा हलकेच मोडा. त्या क्षणी येणारा वास अख्ख्या कपातला सर्वांत भरगच्च वास असतो, तो चुकवू नका. वरचा फेस काढून टाका, आणखी सात-आठ मिनिटं थांबा आणि मग चमच्याने मोठा आवाज करत भुरका मारा. भुरक्याने कॉफी तोंडभर पसरते आणि तिचा वास घशामागून नाकात जातो. ज्याला आपण चव म्हणतो, त्यातला मोठा वाटा खरं तर वासाचा असतो.

प्रत्येक कपाला तीन प्रश्न विचारा. आंबटपणा कसा आहे: रसरशीत, की नुसता टोचणारा? गोडवा जाणवतो का? गिळल्यावर तोंडात काय उरतं आणि किती वेळ? पिशवीवर छापलेलं चवीचं वर्णन यानंतरच वाचा. आधी वाचलं की जीभ तेच शोधत बसते. आणि कप कोमट झाल्यावर पुन्हा चाखा. गरम असताना बरेच दोष लपतात. कोमट झाल्यावर चांगली कॉफी अधिक गोड लागते आणि वाईट कॉफी अधिक वाईट.

पहिली पायरी: ताजेपणा

पहिला प्रयोग एकाच पिशवीवर करा. थोडे दाणे दळून ती पूड आठवडाभर उघड्या वाटीत ठेवा, बाकीचे दाणे पिशवीतच राहू द्या. आठवड्यानंतर दाण्यांतले काही त्याच वेळी दळा आणि दोन्ही पुडी शेजारी शेजारी कपिंगला लावा. ताज्या दळलेल्या कपावर फुगीर, बुडबुडणारा थर येईल. जुन्या पुडीचा थर चपटा बसेल आणि चव पुठ्ठ्यासारखी लागेल. दाणे तेच, पाणी तेच.

असं का होतं? भाजताना दाण्याच्या आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि दाण्याच्या सूक्ष्म पोकळ्यांमध्ये अडकून राहतो. तो हळूहळू बाहेर पडतो आणि जाताना सुगंधी रेणूही सोबत नेतो. त्याच वेळी बाहेरचा ऑक्सिजन आत शिरतो आणि दाण्यातलं तेल खवट करत जातो. अख्ख्या दाण्यात हे काम आठवडे घेतं. दळलं की हवेला मिळणारा पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि सुगंधाचा मोठा भाग काही मिनिटांतच उडू लागतो. त्यामुळे नवख्या माणसाने कॉफीवर पहिला खर्च कशावर करावा असं कुणी विचारलं, तर उत्तर ग्राइंडर. उत्तम मुळाची तयार पूड घेण्यापेक्षा साधे दाणे घरी दळलेले केव्हाही सरस.

याला एक उलटी बाजूही आहे. कॉफी फार ताजीही चांगली नसते. भाजल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस वायू इतका जोरात निघत असतो की पाणी पुडीत नीट मुरत नाही. कप टोचरा आणि अर्धवट लागतो. फिल्टर कॉफीसाठी भाजल्यापासून साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापासून दाणे खुलतात. एस्प्रेसोत, म्हणजे दाबाखाली गरम पाणी सोडून केलेल्या दाट कॉफीत, दाबामुळे वायूचा त्रास जास्त जाणवतो, म्हणून तिथे दहा-चौदा दिवस थांबणं बरं. लाइट रोस्टचे, म्हणजे कमी भाजलेले, दाणे घट्ट असतात, वायू सावकाश सोडतात आणि त्यांना जास्त विश्रांती लागते. डार्क रोस्टचे, म्हणजे काळपट होईपर्यंत भाजलेले, दाणे सच्छिद्र असतात. ते लवकर खुलतात आणि लवकर शिळेही होतात. अख्खे दाणे नीट ठेवले तर भाजल्यापासून चार ते सहा आठवडे उत्तम चव देतात. त्यानंतर ते खराब होत नाहीत, पण चवीची धार जाते.

यासाठी पिशवीवर 'रोस्ट डेट', म्हणजे भाजल्याची तारीख, पाहा. 'बेस्ट बिफोर' तारखेवरून दाणे कधी भाजले ते कळत नाही, आणि ती तारीख अनेकदा वर्षभर पुढची असते. पिशवीवर बसवलेली छोटी झडप एकाच दिशेने उघडते: वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. दाणे त्याच पिशवीत, हवा दाबून काढून, घट्ट बंद करून, अंधाऱ्या आणि थंड कपाटात ठेवा. काचेच्या बरणीत दाणे छान दिसतात, पण बरणी उजेडात ठेवली तर तो छानपणा महागात पडतो.

फ्रिजमध्ये कॉफी ठेवू नका. दार उघडझाप होताना दमट हवा लागते आणि शेजारच्या पदार्थांचे वास दाण्यांत शिरतात. फ्रीझर मात्र खरंच उपयोगी आहे, फक्त शिस्त हवी. आठवड्याला पुरतील एवढ्या लहान, हवाबंद पुड्या करा. एक पुडी बाहेर काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर थंड दाण्यांवर बाष्प जमतं. एका कपापुरते दाणे वेगळे गोठवले असतील तर ते थेट दळले तरी चालतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थंड दाणे दळल्यावर अधिक बारीक आणि अधिक एकसारखे कण मिळाल्याचं दिसलं होतं.

दुसरी पायरी: भाजणी

कच्चा, हिरवा दाणा हुंगून पाहायची संधी मिळाली तर सोडू नका. त्याला वाळक्या गवताचा वास येतो. कॉफीचा नावालाही येत नाही. आपण ज्याला कॉफीचा सुगंध म्हणतो, तो जवळजवळ सगळा भाजणीत जन्माला येतो.

हिरव्या दाण्यात साधारण १० ते १२ टक्के पाणी असतं. भाजणीची पहिली काही मिनिटं हे पाणी उडवण्यात जातात. दाणा १५० अंशांच्या आसपास पिवळा होतो आणि भाजक्या धान्याचा वास सुटतो. इथून अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली मायार्ड अभिक्रिया वेग घेते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिल मायार्ड यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं होतं. तपकिरी रंग आणि शेकडो सुगंधी संयुगं तिच्यातूनच येतात. दोनशे अंशांच्या जरा अलीकडे-पलीकडे आतली वाफ आणि वायू यांचा दाब दाण्याला असह्य होतो आणि मक्याच्या लाह्या फुटताना येतो तसा तडतडाट ऐकू येतो. हा 'फर्स्ट क्रॅक'. दाणा एकदम फुगतो, सच्छिद्र होतो आणि पिण्याजोगा होतो.

यानंतरची दोन-तीन मिनिटं निर्णायक असतात. तडतडाट संपता संपता थांबलं तर लाइट रोस्ट. आणखी थोडं पुढे नेलं तर मीडियम. साधारण २२५ अंशांपाशी दुसरा, बारीक आणि कोरडा तडतडाट सुरू होतो. तिथे दाण्याची पेशीरचनाच मोडू लागते, तेल पृष्ठभागावर येतं आणि डार्क रोस्ट सुरू होतो. एवढ्या प्रवासात दाण्याचं वजन १२ ते २० टक्के घटतं आणि आकारमान दीडपटीहून जास्त होतं.

आत काय होतं ते कळलं की चव आपोआप समजते. अरेबिका या कॉफीच्या मुख्य प्रजातीच्या हिरव्या दाण्यात साधारण ६ ते ९ टक्के साखर असते आणि भाजणीत ती जवळजवळ सगळी मोडते. म्हणजे कपातला गोडवा बराचसा वासातून जाणवणारा असतो: कॅरमेलचा, फळांचा, चॉकलेटचा. सायट्रिक आणि मॅलिक ही फळांना रसरशीतपणा देणारी आम्लं भाजणी वाढत जाते तशी कमी होतात, म्हणून लाइट रोस्ट चटकदार आणि डार्क रोस्ट शांत लागतो. कडवटपणाचं खापर सगळे कॅफिनवर फोडतात, पण त्यातला थोडाच भाग कॅफिनचा. मुख्य वाटा दाण्यातल्या क्लोरोजेनिक आम्लांचा. मध्यम भाजणीपर्यंत त्यांच्यापासून लॅक्टोन नावाची संयुगं तयार होतात आणि त्यांचा कडवटपणा सुखद असतो. भाजणी पुढे गेली की लॅक्टोन मोडून फेनिलइंडेन ही दुसरी संयुगं बनतात, आणि त्यांचा कडवटपणा खरखरीत, जिभेवर चिकटून राहणारा असतो.

आणि कॅफिन? ते भाजणीत फारसं उडत नाही. चमच्याने मोजाल तर लाइट रोस्टच्या जड दाण्यांतून जरा जास्त मिळेल, वजनाने मोजाल तर फरक नगण्य. 'डार्क म्हणजे स्ट्राँग' ही समजूत चवीपुरती ठीक, कॅफिनपुरती चुकीची.

प्रयोग असा: एकाच मुळाचे, एकाच सुमाराला भाजलेले लाइट आणि डार्क दाणे घ्या. अनेक भाजणारे एकच कॉफी दोन प्रकारे भाजून देतात. दळण्याआधी दोन्हीतला एकेक दाणा दाताखाली फोडा. डार्क दाणा चटकन ठिसूळ तुटतो, लाइट दाणा कडक पण खुसखुशीत असतो. लाइट दाणा दगडासारखा लागला आणि चावल्यावर गवताची चव आली, तर तो आतून कच्चा राहिला आहे. अशा दाण्याचा कप कितीही काळजीने केला तरी आंबट आणि पोकळ लागतो. ही चाचणी फार उपयोगी आहे, कारण अनेक जण कच्च्या भाजणीलाच लाइट रोस्ट समजून कायमचे दुरावतात.

सुरुवातीला लाइटच्या थोडं पुढे, मीडियमच्या अलीकडे भाजलेले दाणे घ्यावेत असं मी सुचवेन. त्यात मुळाची चव शाबूत असते आणि आंबटपणा अंगावर येत नाही. डार्क रोस्ट आवडत असेल तर खुशाल प्या, दुधात तो छान उठून दिसतो. फक्त त्यात मुळाचा शोध घेऊ नका. दुसऱ्या क्रॅकच्या बऱ्याच पुढे गेलेले इथिओपिया आणि ब्राझीलचे दाणे वेगळे ओळखणं मुरलेल्या चाखणाऱ्यालाही कठीण जातं.

तिसरी पायरी: मूळ

मूळ म्हणजे नुसतं देशाचं नाव नव्हे. त्यात झाडाची जात, लागवडीची उंची आणि फळ तोडल्यानंतर त्यावर झालेली प्रक्रिया हे सगळं येतं.

व्यापारात प्रजाती मुख्यतः दोन. अरेबिकात साखर जास्त आणि कॅफिन कमी, सुमारे १.२ टक्के. रोबस्टात कॅफिन २.२ टक्क्यांच्या आसपास, क्लोरोजेनिक आम्लं जास्त, साखर कमी. म्हणून कप दाट आणि कडवट. रोबस्टाला सरसकट हलकं समजणं अन्यायाचं आहे. पिकलेली फळं निवडून, नीट प्रक्रिया केलेला रोबस्टा एस्प्रेसोला जो दाटपणा देतो, तो एकट्या अरेबिकातून मिळत नाही.

उंचीचं गणित सरळ आहे. उंचावर रात्री थंड असतात, फळ सावकाश पिकतं, दाणा घट्ट भरतो आणि आंबटपणा उजळ राहतो. अरेबिका बहुतेक ठिकाणी १००० ते २००० मीटरच्या पट्ट्यात घेतात. विषुववृत्तापासून लांब गेलं की तेवढीच थंडी कमी उंचीवरही मिळते, म्हणून दोन देशांचे मीटरचे आकडे थेट ताडून पाहू नयेत.

अरेबिकाच्या उपजातींची नावं पाठ करत बसू नका, एक-दोन चाखा. केनियात १९३०च्या दशकात स्कॉट लॅबोरेटरीजमध्ये निवडलेली 'एसएल २८' ब्लॅककरंट या आंबटगोड काळ्या बेरीसारख्या गडद, रसाळ आंबटपणासाठी ओळखली जाते. मूळची इथिओपियाची 'गेशा' पनामातल्या एका मळ्याने २००४ साली स्पर्धेत उतरवली, तेव्हा तिच्या जाईसारख्या सुगंधाने परीक्षक चकित झाले आणि तिथून तिची कीर्ती जगभर झाली.

आता प्रक्रिया, आणि इथे जरा थांबा, कारण नवख्यांच्या नजरेतून सर्वांत जास्त निसटणारी गोष्ट हीच. कॉफीचा दाणा म्हणजे एका लाल फळातली बी. तिच्याभोवती चिकट गर असतो. तो कधी आणि कसा काढला यावर चव प्रचंड बदलते. 'वॉश्ड' पद्धतीत साल काढतात, गर आंबवून सैल करतात, धुतात आणि मग बी वाळवतात. कप स्वच्छ लागतो आणि आंबटपणा ठळक असतो. 'नॅचरल' पद्धतीत अख्खं फळ उन्हात काही आठवडे वाळतं. बेरीसारखा गोड, किंचित वाइनकडे झुकणारा वास येतो आणि कप दाट लागतो. वाळवताना हेळसांड झाली तर तोच वास कुजकट होतो. 'हनी' पद्धतीत साल काढून गर ठेवतात. चव दोघांच्या मधली. तिच्या नावात मध असला तरी प्रक्रियेत मधाचा काही संबंध नाही.

सुमात्रात दाणे अर्धवट ओले असतानाच आतलं टणक कवच काढतात. तिथल्या कॉफीचा मातकट, मसालेदार, जड कप बराचसा या पद्धतीची देणगी आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची 'मॉन्सून्ड मलबार' तर याहून वेगळी: हिरवे दाणे उघड्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर ठेवतात, ते फुगतात, फिकट पिवळे होतात आणि आंबटपणा जवळपास नाहीसा होतो. जहाजांतून महिनोन्महिने प्रवास करताना दाण्यांत होणारा बदल पुढे मुद्दाम घडवला जाऊ लागला, तो हा.

देशांची ढोबळ ओळख एवढी पुरे: इथिओपियाच्या वॉश्ड कॉफीत फुलं आणि लिंबू, केनियात गडद फळं, कोलंबियात कॅरमेल आणि समतोल, ब्राझीलमध्ये सुकामेवा, चॉकलेट आणि कमी आंबटपणा. अपवाद भरपूर आहेत, म्हणून देशापेक्षा प्रदेश, उंची आणि प्रक्रिया लिहिलेली पिशवी जास्त विश्वासाची.

इथे दोन तुलना करा. पहिली, सारख्याच भाजणीची वॉश्ड इथिओपिया आणि नॅचरल ब्राझील. फरक कुणालाही कळेल इतका मोठा असतो. दुसरी, वॉश्ड इथिओपिया आणि नॅचरल इथिओपिया. देश तोच असून दोन वेगळी पेयं समोर आल्यासारखं वाटेल.

मुळालाही ताजेपणा असतो. हिरवा दाणा टिकतो, पण वर्ष उलटलं की त्यात लाकडाची, कागदाची चव डोकावू लागते आणि काल भाजले तरी ती जात नाही. म्हणून पिशवीवर हंगामाचं वर्ष दिलं असेल तर तेही पाहा. ब्राझीलची तोडणी साधारण मे ते सप्टेंबर, इथिओपियाची ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. माल भाजणाऱ्यापर्यंत पोचायला पुढे काही महिने लागतात.

कप बिघडला तर दोष कुणाचा?

आधी पाणी आणि दळण तपासा. कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. जड पाण्यातले बायकार्बोनेट आंबटपणा मारून टाकतात आणि कॉफी खडूसारखी लागते; पूर्ण शुद्ध, क्षारविरहित पाण्यात ती सपाट होते. कप आंबट आणि पातळ असेल तर थोडं बारीक दळा, कडू आणि तुरट असेल तर थोडं जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला.

एवढं करूनही सुधारलं नाही, तर वासावरून माग काढता येतो. पाणी ओतल्यावर पूड फुगत नाही आणि चव पुठ्ठ्यासारखी आहे, तर दाणे शिळे. वेगवेगळ्या देशांचे दाणे असूनही सगळ्यांत तोच धूर आणि तीच राख लागते, तर भाजणी जास्त. गवत, कच्च्या शेंगांचा वास आणि टोचरा आंबटपणा, तर भाजणी अपुरी. भाजणी कालची असूनही लाकूड आणि जुना कागद लागतो, तर हिरवा माल जुना. नॅचरल कॉफीत व्हिनेगर किंवा कुजकट वास आला, तर वाळवताना चूक झाली आहे.

रवांडा आणि बुरुंडीच्या सुंदर कॉफीत कधी तरी एखाद्या कपाला अचानक कच्च्या बटाट्याचा वास येतो. हा एखाद्याच दाण्यातला दोष असतो आणि पिऊन अपाय होत नाही. पिशवी टाकून देऊ नका. तेवढी पूड फेका, ग्राइंडर ब्रशने झाडून घ्या आणि त्याच पिशवीतले दुसरे दाणे दळा.